पुढचे शॉकअप घरच्या घरी सुधारताना: आधी स्प्रिंग, मग ऑइल

ब्रेक दाबला की गाडी नाक खाली घालते. त्याच गाडीचं चाक रस्त्यातल्या एखाद्या धारदार कडेवर आपटलं की झटका हँडलमधून थेट कोपरापर्यंत येतो. पहिल्या अनुभवावरून वाटतं शॉकअप फार मऊ आहेत, दुसऱ्यावरून वाटतं फार कडक आहेत. इथेच गोंधळ होतो, आणि मग कुणी सुचवेल ते विकत घेतलं जातं. पण या दोन्ही तक्रारी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. पुढच्या शॉकअपच्या नळ्यांमध्ये दोन वेगळी कामं करणारे दोघे जण बसलेले असतात, स्प्रिंग आणि ऑइल. एकाचं दुखणं दुसऱ्याच्या औषधाने बरं होत नाही.

मी पहिल्यांदा गाडी उघडली तेव्हा नेमकी हीच चूक केली. गाडी ब्रेकला फार बसायची म्हणून जाड ऑइल भरलं. बसणं थोडं हळू झालं, पण गाडी बसायची तेवढीच. वर लहान लहान उंचवट्यांवर पुढचं चाक टणाटण उडायला लागलं, आणि ओल्या वळणावर टायरची पकड कमी झाल्याचं हातांना स्पष्ट कळलं. मूळ स्प्रिंग माझ्या वजनाला मऊ होती, आणि ऑइल कितीही जाड केलं तरी ते वजन पेलत नाही. हे समजायला मला तीन वेळा ऑइल बदलावं लागलं.

आत काय असतं, ते आधी पाहू. ऑइलने झटका मुरवणारा टेलिस्कोपिक फोर्क, म्हणजे एकमेकांत सरकणाऱ्या नळ्यांचे हे पुढचे शॉकअप, तयार विक्रीच्या मोटरसायकलवर १९३५ साली बीएमडब्ल्यूच्या आर १२ या गाडीने आणला. त्याची मूळ रचना आजच्या साध्या गाड्यांमध्येही ओळखू येते. क्रोम चढवलेली एक बारीक नळी खालच्या जाड नळीत वरखाली सरकते. आत लांब स्प्रिंग, स्प्रिंगच्या वर पोकळ नळीचा एक तुकडा म्हणजे स्पेसर, आणि सगळ्यांवर झाकण. तळाशी बोल्टने धरलेली एक पोकळ दांडी उभी असते, तिला डॅम्पर रॉड म्हणतात. या दांडीला काही छिद्रं पाडलेली असतात. चाक वर उचललं गेलं की ऑइलला या छिद्रांमधून वाट काढावी लागते, आणि त्या धडपडीत झटक्याची ताकद उष्णता होऊन जिरते. हा लेख अशाच साध्या फोर्कबद्दल आहे. आत वेगळा बंद डॅम्पर बसवलेला कार्ट्रिज फोर्क असेल, किंवा जाड नळी वर असणारा उलटा फोर्क असेल, तर आतली रचना आणि लागणारी हत्यारं दोन्ही वेगळी. ते काम पहिल्याच प्रयत्नात हातात घेऊ नये.

स्प्रिंग: गाडीचं आणि तुमचं वजन

स्प्रिंगचं काम एकच, वजन पेलणं. कंपनी एक सरासरी वजन धरून स्प्रिंग बसवते. तुम्ही त्या सरासरीपेक्षा २० किलो जास्त असाल, किंवा नेहमी मागे कुणाला घेऊन फिरत असाल, तर गाडी उभ्या उभ्याच अर्धी दबलेली असते. खड्डा आला की दबायला जागाच उरत नाही आणि तळाला ठोका बसतो. तो ठोका हाताला कडक लागतो, म्हणून लोक शॉकअप कडक आहेत असं म्हणतात. प्रत्यक्षात ते मऊ असतात.

हे ओळखायला एक केबल टाय पुरतो. गाडीच्या क्रोम नळीवर खालच्या सीलला, म्हणजे ऑइल अडवणाऱ्या रबरी कड्याला, टेकून तो घट्ट गुंडाळा. सरकेल, पण घसरणार नाही, इतपतच घट्ट. मग रोजच्या रस्त्यावर फिरून या आणि काही वेळा जोरात ब्रेक मारा. परत आल्यावर टाय जिथे थांबला असेल, तिथपर्यंत फोर्क दबला होता. गाडीच्या पुस्तिकेत फोर्कची पूर्ण चाल, म्हणजे तो जास्तीत जास्त किती दबतो ते, दिलेलं असतं; रस्त्यावरच्या गाड्यांना ती बहुधा ११० ते १३० मिलिमीटरच्या आसपास असते. साध्या रस्त्यावर रोज शेवटच्या टोकाला टाय जाऊन चिकटत असेल, तर स्प्रिंगकडे बघायला हवं. उलट, जोरात ब्रेक मारूनही अर्धीच चाल वापरली जात असेल, तर स्प्रिंग जास्तच कडक आहे.

याहून नेमकं माप म्हणजे सॅग, तुम्ही बसल्यावर गाडी पुढून किती बसते ते. त्यासाठी तीन माणसं लागतात. आधी पुढचं चाक हवेत उचलून नळीची उघडी लांबी मोजा. मग हेल्मेट-जॅकेट घालून, दोन्ही पाय फुटरेस्टवर ठेवून गाडीवर बसा. दुसऱ्याने गाडी सरळ धरायची, तिसऱ्याने मोजायचं. पुढून हलकेच दाबून गाडी हळू वर येऊ द्या, मोजा. मग थोडी उचलून हळू खाली बसू द्या, पुन्हा मोजा. दोन्ही मापं सारखी येणार नाहीत, कारण सील आणि बुश, म्हणजे नळी ज्यांच्यावर सरकते त्या कड्या, नळीला थोडे अडवतातच. दोन्हींची सरासरी काढा आणि उघड्या लांबीतून वजा करा. उरतो तो सॅग. रस्त्यावरच्या गाडीला तो एकूण चालीच्या पाव ते तिसरा हिस्सा असावा. १२० मिलिमीटर चालीला ३० ते ४० मिलिमीटर. त्या दोन मापांमधला फरकही लिहून ठेवा. तो १५-२० मिलिमीटर निघाला, तर नळी वाकलेली, सील कोरडं किंवा चाक बसवताना फोर्क पिळलेला असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी नव्या स्प्रिंगने काही साधणार नाही, आधी ते दुखणं शोधा.

सॅग जास्त निघाला की पहिला सल्ला मिळतो, "प्रीलोड वाढव." स्पेसर लांब करायचा किंवा झाकणाखाली वॉशर टाकायचे, म्हणजे स्प्रिंग बसवतानाच थोडी दाबली जाते. गाडी उंच बसते खरी, पण स्प्रिंग त्याने कडक होत नाही. पुढचा प्रत्येक मिलिमीटर दाबायला आधीइतकंच वजन लागतं. थोडं गणित करून बघू, हवेचा आणि घर्षणाचा हिशेब सध्या बाजूला ठेवून. समजा एक स्प्रिंग १ मिलिमीटर दाबायला ०.७ किलो लागतो. दोन नळ्या, म्हणजे मिळून १.४ किलो. तुम्ही बसल्यावर फोर्कवर ७० किलो येतात, आणि जोरदार ब्रेकमध्ये तेच १५० किलो होतात. १५ मिलिमीटर प्रीलोड दिला तर सॅग ३५ मिलिमीटर येतो, एकदम जागेवर. पण ब्रेक मारल्यावर फोर्क ९२ मिलिमीटर दबतो. आता ०.९ ची स्प्रिंग टाका, मिळून १.८. प्रीलोड फक्त ४ मिलिमीटर ठेवला तरी सॅग तोच ३५, आणि ब्रेकमध्ये दबणं मात्र ७९ मिलिमीटर. उभ्या गाडीत दोन्ही सारख्याच दिसतात. ब्रेकनंतर खड्ड्यासाठी हाताशी उरलेल्या चालीत १३ मिलिमीटरचा फरक पडतो. सॅग जागेवर आणायला ३० मिलिमीटरपेक्षा जास्त प्रीलोड लागत असेल, तर स्प्रिंगच मऊ आहे असं मी धरतो.

नवी स्प्रिंग निवडताना दोन प्रकार दिसतील. एकात वेटोळी सगळीकडे सारख्या अंतरावर, दुसऱ्यात एका टोकाला दाट आणि पुढे विरळ. दुसरा प्रकार सुरुवातीला मऊ आणि नंतर कडक होत जातो. ऐकायला छान वाटतं, पण अशा गाडीत सॅग आणि डॅम्पिंग, म्हणजे ऑइलचा लगाम, जुळवणं अवघड जातं, कारण ऑइलला दर क्षणी वेगळ्याच स्प्रिंगला आवरायचं असतं. वजन ठरलेलं असेल तर मी सारख्या वेटोळ्यांचीच स्प्रिंग घेईन. एकट्याने आणि दोघांनी अशी अदलाबदल रोजच होत असेल, तर दुसऱ्या प्रकाराला अर्थ आहे.

जुनी स्प्रिंग कापून कडक करता येते, हेही कानावर येईल. तत्त्व बरोबर आहे. स्प्रिंगचा कडकपणा काम करणाऱ्या वेटोळ्यांच्या उलट प्रमाणात असतो, म्हणून ५० वेटोळ्यांतली १० कापली की उरलेली सव्वापट कडक होते. पण कापलेलं टोक सपाट करावं लागतं, नाहीतर ते वॉशर आणि नळीची आतली भिंत खरवडतं. लोखंडाची ती भुकटी ऑइलमध्ये फिरते आणि बुश खाते. दुसरा काही पर्यायच नसेल तरच हे करावं.

ऑइल: वेगाला लगाम

स्प्रिंग फक्त किती दबली ते बघते. ऑइलला दबण्याचा वेग कळतो. ब्रेकला गाडी बसते तेव्हा फोर्क हळू दबत असतो, आणि धारदार कडेवर चाक आपटतं तेव्हा अतिशय वेगात. साध्या छिद्रातून ऑइल ढकलताना वेग दुप्पट झाला की अडथळा जवळजवळ चौपट होतो. लेखाच्या सुरुवातीचं कोडं इथे सुटतं. हळू हालचालीत छिद्रं ऑइलला जवळपास अडवतच नाहीत, म्हणून गाडी भसकन बसते. वेगवान झटक्यात तीच छिद्रं बूच लावल्यासारखी होतात, म्हणून हात हादरतात. जाड ऑइल भरलं की दोन्ही टोकं एकत्र वर सरकतात. बसणं जरासं आवरतं आणि झटका आणखी क्रूर होतो.

ऑइलच्या डब्यावर ५डब्ल्यू, १०डब्ल्यू, १५डब्ल्यू असे आकडे असतात. फोर्क ऑइलच्या बाबतीत त्यांवर डोळे झाकून विसंबू नका. एका कंपनीचं १०डब्ल्यू दुसरीच्या १०डब्ल्यूपेक्षा बरंच जाड किंवा पातळ असू शकतं. खरा आकडा तांत्रिक माहितीपत्रकात मिळतो, ४० अंश सेल्सिअसला सेंटिस्टोकमध्ये दिलेला दाटपणा. ऑइल बदलताना तो आकडा ताडून पाहा. दोन्ही नळ्यांत एकाच डब्यातलं ऑइल घाला, आणि निरनिराळी ऑइलं शक्यतो मिसळू नका.

ऑइलची पातळी ही वेगळीच गोष्ट, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. बंद नळीत ऑइलच्या वर हवा असते. फोर्क दबला की ती हवा आवळली जाते आणि तिसऱ्या स्प्रिंगसारखं काम करते. सुरुवातीला अगदी हलकी, शेवटच्या टप्प्यात एकदम जोरदार. ऑइल जास्त भरलं की हवेला जागा कमी राहते, आणि चालीच्या शेवटी फोर्क कडक होतो. तळाला क्वचित हलकासा ठोका बसत असेल, तर नवी स्प्रिंग घेण्याआधी पातळी ५ मिलिमीटर वाढवून पाहावी. पण एकदम मोठी उडी नको. फार भरलं तर फोर्क अर्ध्यातच अडतो, दाब वाढतो आणि सील ऑइल बाहेर टाकतात.

छिद्रांच्या मूळ दोषावर एक चांगला इलाज आहे, इम्युलेटर नावाचा छोटा व्हॉल्व्ह. तो डॅम्पर रॉडच्या डोक्यावर, मुख्य स्प्रिंगच्या खाली बसतो. त्यातली चकती एका लहान स्प्रिंगने दाबून धरलेली असते. हळू हालचालीत ती बंद राहून ऑइलला अडवते, त्यामुळे ब्रेकला गाडी भसकन बसत नाही. अचानक झटका आला की दाबाने चकती उचलली जाते आणि ऑइलला मोठी वाट मिळते. पण तो काम करायचा तर दांडीतली खालची छिद्रं मोठी करावी लागतात, नाहीतर अडथळा तिथेच राहतो. अशा किटच्या सूचनांमध्ये सहसा ८ मिलिमीटरची सहा छिद्रं सांगितलेली असतात, समोरासमोर जोडीने आणि पुढची जोडी काटकोनात, म्हणजे दांडी कमजोर होत नाही. वरच्या टोकाजवळची बारीक छिद्रं मात्र तशीच ठेवायची. ती फोर्क परत वर येताना लगाम घालतात, आणि त्या लगामासाठीच आता ऑइलचा दाटपणा निवडायचा. हे लक्षात घ्या की एकदा ड्रिल फिरवलं की माघार नाही. ती दांडी पुढे इम्युलेटरशिवाय चालणार नाही. म्हणून माझा क्रम ठाम आहे. आधी बरोबर स्प्रिंग आणि ताजं ऑइल, महिनाभर चालवून पाहणं, आणि तरीही झटके लागत असतील तरच इम्युलेटर.

हात काळे करायची वेळ

गाडीची सर्व्हिस पुस्तिका समोर हवी. कोणता बोल्ट किती आवळायचा, ऑइलची पातळी किती, ते तिच्यातूनच घ्यायचं. टॉर्क पाना नसेल तर हे काम सुरू करू नका. पुढचं चाक, पुढचा ब्रेक आणि हँडल या तिन्ही गोष्टी तुम्ही सोडवून पुन्हा जोडणार आहात.

गाडी इंजिनखाली आधार देऊन अशी उभी करा की पुढचं चाक हवेत राहील आणि पाना लावून ओढलं तरी ती डुलणार नाही. फोर्कची नळी वरच्या क्लॅम्पच्या किती मिलिमीटर वर आली आहे, ते दोन्ही बाजूंनी मोजून लिहून ठेवा. मग वरच्या क्लॅम्पचा बोल्ट ढिला करा आणि नळी खालच्या क्लॅम्पमध्ये पक्की असतानाच डोक्यावरचं झाकण थोडं सैल करा. फोर्क बाहेर काढल्यावर हेच झाकण हलता हलत नाही. कॅलिपर काढून तारेने टांगा, ब्रेकच्या होजवर लोंबकळू देऊ नका. डिस्क बाहेर असताना ब्रेकचा लिव्हर चुकूनही दाबायचा नाही, पिस्टन बाहेर येतात. चाकाच्या दोन्ही बाजूंचे स्पेसर कोणत्या बाजूला कसे होते, त्याचा फोटो काढा.

फोर्क हातात आला की झाकण सोडवताना चेहरा बाजूला ठेवा आणि चष्मा घाला. खाली दाबलेली स्प्रिंग आहे, शेवटच्या आट्याला झाकण उडतं. तळव्याने वरून दाबत, शेवटचे आटे सावकाश सोडवा. मग स्पेसर, वॉशर, स्प्रिंग बाहेर काढा आणि नळी उलटी करून पंपासारखी वरखाली चालवत ऑइल काढा. बऱ्याच वर्षांचं ऑइल राखाडी, पाणचट आणि उग्र वासाचं निघतं. बोटांमध्ये चोळून पाहा, त्यात बारीक चकाकी दिसली तर ती बुशची झीज आहे.

फक्त स्प्रिंग आणि ऑइल बदलायचं असेल, तर इथून पुढे फोर्क उघडावा लागत नाही. सील गळत असेल किंवा दांडी काढायची असेल तर तळाचा अॅलन बोल्ट सोडवावा लागतो, आणि तिथे हमखास अडतं, कारण बोल्टबरोबर आतली दांडीही फिरते. हे टाळायचं असेल तर सुरुवातीलाच, स्प्रिंग आणि झाकण जागेवर असताना, तो बोल्ट थोडा सैल करून घ्या. स्प्रिंगच्या दाबाने दांडी धरून राहते. बोल्टखालची तांब्याची चकती बसवताना नवीच घ्या. क्रोम नळीवर बोट फिरवून पाहा. नख अडेल असा खड्डा सील जिथे फिरतं त्या भागात असेल, तर नवं सीलही थोड्याच दिवसांत गळायला लागेल. नवं सील चढवताना नळीच्या धारेवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी ओढून तेलाचा हात फिरवा, म्हणजे सीलचा ओठ कापला जात नाही.

आता सगळ्यात शांतपणे करायचं काम, ऑइल भरणं. अंदाजे भरून नळी सावकाश वरखाली करा. आधी फसफस ऐकू येते, मग हाताला एकसारखा अडथळा लागतो, म्हणजे हवा निघाली. दहा-पंधरा मिनिटं उभी ठेवा. मग स्प्रिंग बाहेर, नळी पूर्ण दाबलेली आणि अगदी उभी असताना वरच्या काठापासून ऑइलपर्यंतचं अंतर मोजा. थोडं जास्त भरून, सिरिंजला लावलेली बारीक नळी ठरलेल्या खोलीपर्यंत सोडून जादाचं ओढून घ्यावं, माप चुकत नाही. दोन्ही नळ्यांत एक मिलिमीटरचाही फरक ठेवू नका.

नव्या स्प्रिंगची लांबी वेगळी असते, म्हणून स्पेसर नव्याने कापावा लागतो. नळी पूर्ण ताणून स्प्रिंग आणि वॉशर आत सोडा आणि वॉशरपासून काठापर्यंत मोजा. समजा ११० मिलिमीटर आले. झाकण २० मिलिमीटर आत जातं, ते वजा केले, राहिले ९०. प्रीलोड १५ हवा, तर स्पेसर १०५ मिलिमीटरचा. जाड भिंतीचा पीव्हीसी पाइप यासाठी चालतो. दोन्ही टोकं मात्र काटकोनात कापलेली आणि घासून साफ केलेली हवीत. इम्युलेटर बसवला तर तो आधी आत सोडूनच हे माप घ्या, कारण त्याच्या उंचीइतका स्पेसर तोकडा होतो.

जोडताना नळ्या लिहून ठेवलेल्या उंचीवर आणा. अॅक्सल घालून मुख्य नट आवळा, पण अॅक्सल धरणारा बाजूचा बोल्ट सैलच ठेवा. कॅलिपर बसवून ब्रेकचा लिव्हर कडक लागेपर्यंत पंप करा. गाडी खाली घेऊन पुढचा ब्रेक धरून पाच-सहा वेळा जोरात दाबा. फोर्कच्या दोन्ही बाजू आपोआप एकमेकींशी समांतर बसतात. मगच तो बाजूचा बोल्ट आवळा. फोर्क नीट बसवूनही अडखळत चालतो, याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं की हा टप्पा राहून गेलेला असतो. गाडी खाली घेण्याआधी, चाक हवेत असतानाच, हँडल हळू वळवून पाहिलेलं असावं. मधोमध खोबणीत अडकल्यासारखं वाटलं, तर कोन सेट, म्हणजे हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग, गेला आहे.

निघण्याआधी लिव्हर पुन्हा दाबून पाहा, आणि हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून एकही केबल किंवा होज ताणत नाही याची खात्री करा. पहिली चक्कर हळू वेगात, मोकळ्या रस्त्यावर मारा. परत आल्यावर सगळे बोल्ट टॉर्क पान्याने तपासा, आणि काही दिवसांनी पुन्हा एकदा. केबल टाय परत सीलला टेकवा. जोरात ब्रेकनंतर तो पूर्ण चालीच्या १५-२० मिलिमीटर अलीकडे थांबत असेल, तर स्प्रिंग बरोबर निवडली गेली आहे. उंचवट्यानंतर गाडी दोन-तीनदा डुलत राहिली तर रिबाउंड, म्हणजे फोर्क परत वर येतानाचा लगाम, कमी आहे; ऑइल किंचित दाट करा. लागोपाठच्या खडबडीत गाडी हळूहळू खाली खाली बसत गेली तर उलट. एका वेळी एकच गोष्ट बदला, त्याच रस्त्यावरून जा, आणि सॅग, पातळी, ऑइल आणि टायचं माप तारखेसकट लिहून ठेवा. पुढच्या वेळी फोर्क उघडाल तेव्हा मोजमापं शोधत बसावं लागणार नाही.